पायलचं नाक आणि चार बाटल्या

कल्पना करा, तुम्ही डोळे मिटून बसलात. एका हाताने नाक घट्ट चिमटीत धरलंय. आणि कुणीतरी तुमच्या जिभेवर चिमूटभर काहीतरी ठेवलं. चावा ते. काय लागतंय? जरासं गोड, जरासं भुसा चावल्यासारखं. बस्स, एवढंच. आता नाक सोडा!

बडीशेप! एका क्षणात सगळं तोंड बडीशेपेने भरून गेलं की नाही? ती तर मघापासून जिभेवरच होती. मग इतका वेळ कुठे लपली होती?

ती लपली नव्हती, तुमचं नाक बंद होतं. जीभ बिचारी फार थोडं ओळखते. गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असतो तो दाट रुचकरपणा. बाकीची सगळी गंमत नाक पुरवतं. खोटं वाटत असेल तर आज जेवण झाल्यावर करून बघा. आणि हे नीट लक्षात ठेवून पुढची गोष्ट ऐका, कारण या गोष्टीतल्या एका आत्याला जिभेचं काम नाकाने करायचं होतं, आणि सगळे तिला म्हणत होते की हे होणंच शक्य नाही.

भाईंदरला जेसल पार्कात तिसऱ्या मजल्यावर पायल राहायची. ती दहा वर्षांची होती, पण तिच्या आईच्या मते तिचं नाक चाळीस वर्षांचं होतं. जिना चढता चढता ती सांगत यायची, "पहिल्या मजल्यावरच्या काकींचा ढोकळा झालाय, पण फोडणीतली मोहरी करपलीय. दुसऱ्या मजल्यावर सुकट भाजतायत. आणि आपल्याकडे... शी! परत दुधी!"

मे महिन्याची सुट्टी होती. आई-बाबा दोघं कामावर जायचे. घरी पायल आणि तिचे आजोबा, बापूराव. एका दुपारी पायलची आत्या, स्वप्नाली, वेळेआधीच घरी आली. पर्स सोफ्यावर टाकली आणि पंख्याखाली जमिनीवरच बसली.

"काय झालं गं?" आजोबांनी पेपर खाली घेतला.

"बाबा, दोघांतून एकालाच ठेवणार आहेत. मी नाहीतर अनिश. येत्या शनिवारी परीक्षा."

आत्या वरसाव्याला खाडीकाठच्या एका हॉटेलात कामाला होती. आठ महिने झाले होते, पण अजून कच्ची नोकरी. हॉटेलने ठरवलं होतं की या उन्हाळ्यात आपल्याकडचे पदार्थ मांडायचे, बोंबील, कोशिंबीर, सुकं मटण, आमरस, आणि प्रत्येकाबरोबर नाशिकच्या द्राक्षांची एकेक वाइन द्यायची. कशाबरोबर काय जमतं आणि का जमतं, हे पाहुण्यांना सांगायला टेबलाशी एक माणूस हवा होता. जो शनिवारी चांगलं करेल त्याची नोकरी पक्की. दुसऱ्याला महिनाअखेरीस निरोप.

"मग कर की चांगलं," पायल म्हणाली.

"अगं, मी वाइन पीत नाही ना! जितेश सर सगळ्यांसमोर म्हणाले, 'स्वप्नाली, तू तो रहने दे. तू चाखणार नाहीस, मग सांगणार काय? कार्ड वाचून दाखवणार?' सगळे हसले. अनिश तर टेबल बडवून हसला."

हे जितेश सर म्हणजे हॉटेलचे मॅनेजर. त्यांनी आत्याला समजावूनही पाहिलं होतं की चाखून थुंकून टाकायचं असतं, पोटात जातच नाही. पण आत्या ऐकेना. घरी सगळेच पंचशील पाळायचे, आणि पाचवं शील होतं, नशा आणणाऱ्या पेयांपासून दूर राहायचं. आत्याने ते पंधराव्या वर्षी आपणहून घेतलं होतं. जिभेवर ठेवलं तरी ते मोडलंच, असं तिचं म्हणणं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तू पिणार?"

"नाही."

"कुणाला पी म्हणून आग्रह करणार?"

"नाही बाबा. विचारलं तर सांगणार, तेवढंच."

"मला हे काम फार आवडतं असं नाही," आजोबा म्हणाले. "पण तुला कुणी हसून घालवून द्यावं, हेही आवडत नाही. कर. नीट कर."

पायल मधेच घुसली. "आत्या, वाइन म्हणजे काय असतं नेमकं?"

"द्राक्षाचा रस आंबवून करतात. त्याने नशा येते. म्हणून मुलांनी तोंड लावायचं नाही, आणि मी मोठी असूनही लावत नाही."

"आणि वास घेतला तर?"

आत्या एकदम थांबली. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पेपर पुन्हा वर घेतला होता. पेपरामागून आवाज आला, "वासाने शील मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही."

झालं! पायल उडीच मारून उठली.

आत्याने पर्समधून एक गुळगुळीत कार्ड काढलं. त्यावर चारही वाइनची माहिती छापलेली होती. पहिली बुडबुड्यांची, स्पार्कलिंग. दुसरी पांढरी, सोव्हिन्यों ब्लाँ. तिसरी लाल, शिराझ. चौथी गोड, उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची. प्रत्येकीपुढे लिहिलं होतं की तिला कशाचा वास येतो, आणि ती कितपत गार करून द्यायची. वासांची नावं वाचता वाचता पायलचं तोंड वाकडं झालं. गूसबेरी, ब्लॅकबेरी, ॲप्रिकॉट...

"हे कसले वास? तू खाल्लीयस यातली फळं?"

"एकही नाही. वाइन रोज ओतते, वासही रोज येतो. पण कार्डातलं नाव आणि नाकातला वास जुळतच नाही माझा."

"मग नाव सोड ना! तुला कसला वास येतो ते सांग."

आत्याने डोळे मिटले. "पांढरीला... कैरी सोलताना सालाचा येतो ना, तसा. आणि ढोबळी मिरची चिरताना येतो तसा."

"चल बाजारात!"

त्या संध्याकाळी भाईंदरच्या भाजीबाजाराने असली गिऱ्हाइकं पहिल्यांदाच पाहिली असतील. आत्या आणि भाची प्रत्येक टोपलीवर वाकायच्या, नाक खुपसायच्या आणि एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. एक भाजीवाला वैतागला. "अरे बेटी, लेना है कि सिर्फ सूंघना है?"

"पहले सूंघेंगे, फिर लेंगे," पायलने ठणकावलं.

काशीगावच्या बाजूने आलेली एक बाई करवंदं आणि जांभळं घेऊन बसली होती. आत्याने जांभूळ चिरडून नाकाशी नेलं आणि ती ओरडलीच, "हीच! लाल वाइन! जांभूळ आणि वर थोडी काळी मिरी!" शेजारच्या माणसाच्या हातातली पिशवी पडली. गोड वाइनला पिकलेल्या पेरूचा आणि मधाचा वास होता. बुडबुड्यांच्या वाइनला लिंबू आणि ताजा पाव. बेकरीसमोर उभं राहून दोघींनी तोही पक्का केला. पायलने पेन काढून कार्डाच्या मागे नवी नावं लिहिली, कैरीचं साल, जांभूळ, पेरू, पाव.

वास तर सापडले. पण कशाबरोबर काय, हे कसं कळणार? घरात वाइन आणायची नव्हती. मग आत्याने डोकं लढवलं. "वाइनमध्ये असतं काय? आंबटपणा, गोडपणा, तुरटपणा आणि बुडबुडे. हे चारही आपल्या स्वयंपाकघरात आहेत!"

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर प्रयोग सुरू झाले. तुम्हीही करा, हे सगळे मुलांनी करण्यासारखे आहेत.

आत्याने लिंबाचं सरबत केलं. पायलने घोट घेतला. "मस्त. गोड आहे."

"आता दोन चमचे आमरस खा. खाल्लास? आता तेच सरबत पी."

पायलने घोट घेतला आणि तिचा एक डोळा मिटला. "साखर घालायला विसरलीस!"

"अगं, तोच ग्लास आहे!"

पायलने ग्लास वरून खालून पाहिला. तोच होता. आमरस इतका गोड की त्याच्यापुढे सरबताचा गोडवा उडूनच गेला, नुसता आंबटपणा उरला. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "खाणं गोड असेल तर पिणं त्याहून गोड पाहिजे?"

"बरोब्बर! आमरसाबरोबर चौथी बाटली. दुसरी कुठलीही दिली तर बिचारी आंबटढाण लागेल."

मग आत्याने चहाची पूड पंधरा मिनिटं उकळली. दूध नाही, साखर नाही. पायलने घोट घेतला आणि तिची जीभ टाळूला चिकटली. "कच्चं केळं खाल्ल्यासारखं झालं!"

"तुरट. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालातून असंच तुरटपण येतं. आता ठेचा जिभेला लाव आणि परत घोट घे."

"आई गं! जाळ!" पायल घरभर नाचली. आजोबांनी पाणी आणून दिलं आणि हसू लपवत परत गेले.

"आता भाकरीला भरपूर तूप लावून खा, मग घे."

पायल कचरत कचरत घोट प्यायली. आणि थांबली. तुरटपणा गेला होता! निदान अर्ध्याच्या वर तरी गेला होता. तुपाने जिभेवर जणू अस्तर घातलं होतं. म्हणून लाल वाइन चरबीच्या मटणाशी जमते, आणि म्हणूनच मटण फार तिखट असून चालत नाही. सोडावॉटरच्या एका घोटाने तळलेल्या कुरडईचं तेल जिभेवरून कसं धुऊन निघतं, तेही पाहून झालं. म्हणजे तळलेल्या बोंबलाशी बुडबुड्यांची बाटली. आणि कैरी घातलेल्या काकडीच्या कोशिंबिरीशी कैरीच्याच वासाची पांढरी. आंबटाला आंबट जोडीदार, म्हणजे कुणीच कुणाला फिकं पाडत नाही.

चार पदार्थ, चार बाटल्या. शुक्रवारी रात्री जेवताना आत्या सगळं घडाघड म्हणून दाखवू शकत होती, आणि ती म्हणायची थांबली की पायल पुढचं म्हणत होती. पायलची आई शेवटी म्हणाली, "आपल्या घरात पोरींना पाढे येत नाहीत, पण हे येतं!"

शनिवारी पायलने हट्टच धरला, मीपण येणार. जितेश सरांनी फोनवर सांगितलं, "ठीक आहे, पण एका जागी बसायचं. इकडे तिकडे नाही." सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर चढलं होतं. रिक्षा काशीमिऱ्याहून वळली, तेव्हा सीटसुद्धा तापली होती.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात इंदूबाई बोंबील दाबत बसल्या होत्या. त्या वरसाव्याच्याच. दोन फळ्यांमध्ये बोंबील, वर भलामोठा पाटा. "पानी निघालं पायजे," त्या पायलला म्हणाल्या. "न्हाय तर तेलात लगदा व्हतो. तू कोन गं?"

"मी स्वप्नाली आत्याची भाची. मी वास घ्यायला आलेय."

"घे बाय, घे. हितं वासाला कमी न्हाय."

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये एक छोटी खोली होती. तिथे ग्लास, ताटल्या आणि बाटल्या ठेवायचे. दोन टेबलं मांडली होती, एक अनिशचं, एक आत्याचं. दोघांना तेच पदार्थ, त्याच चार बाटल्या, तेच कार्ड. परीक्षा घ्यायला नाशिकहून वाइनच्या जाणकार सुचेता मॅडम आल्या होत्या. आखूड पांढरे केस, कानावर पेन्सिल. त्या आधी अनिशच्या टेबलाशी बसणार, मग आत्याच्या.

पांढरी, गोड आणि बुडबुड्यांची बाटली फ्रिजमध्ये होती. लाल शिराझच्या दोन्ही बाटल्या सकाळपासून त्या छोट्या खोलीत फडताळावर उभ्या होत्या, कारण कार्डावर स्पष्ट छापलं होतं, लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, आणि अर्धा तास आधी उघडून ठेवावी. अनिशने दोन्ही बाटल्यांची बुचं काढली. पट् पट्.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या पायलने नाक उचललं. "आत्या, इथे कुणाला इंजेक्शन दिलंय का?"

"काय?"

"दवाखान्यात सुईआधी कापूस लावतात ना, त्याचा वास येतोय."

आत्याने ग्लासात थोडी शिराझ ओतली आणि नाकाशी नेली. तिचा चेहरा पडला. जांभूळ नाही, मिरी नाही. नुसता स्पिरिटचा झणका. तिने बाटलीला हात लावला. बाटली कोमट होती, हाताला ऊब लागावी इतकी. पलीकडे दोन शेगड्या पेटलेल्या, बाहेर मेचं ऊन. खोलीत मधोमध उभं राहिलं तरी कानशिलं तापत होती.

"अनिश, ही गरम आहे रे. वास बघ."

"अगं, कार्डावर लिहिलंय ना, खोलीचं तापमान. ही खोली, हे तापमान," अनिश ताटल्या पुसत म्हणाला. "मी ही वाइन प्यायलोय, स्वप्नाली. मला माहीत आहे ती कशी आहे. तू तर..." पुढचं तो बोलला नाही. हसला आणि आपली बाटली घेऊन टेबलाकडे गेला.

आत्या कार्ड हातात धरून उभी राहिली. छापलेलं एक सांगत होतं, नाक दुसरं.

"आत्या," पायल कुजबुजली, "खोलीचं म्हणजे कुणाच्या खोलीचं?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं.

"हे कार्ड लिहिलं त्यांनी करवंदं पाहिली नाहीत, जांभळं पाहिली नाहीत. मग आपली खोली तरी कुठे पाहिली असेल?"

आत्याने खाडकन कार्ड खाली ठेवलं. "इंदूमावशी! बर्फ!"

इंदूबाईंनी बादलीभर बर्फ आणला. आत्या बाटली त्यात खोचणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नुसता बर्फ नको, पानी घाल. म्हावरा आमी असाच ठेवतो. बर्फ चार ठिकानी टेकतो, पानी सगलीकडं लागतं."

तेवढ्यात दारातून जितेश सर. "ये क्या है? रेड वाइन बर्फात? स्वप्नाली, मॅडम बघतील तर म्हणतील यांना काही येत नाही! कार्ड वाच!"

"वाचलं सर. गरम झालीय ती. बिघडली तर जबाबदारी माझी."

"तुझीच आहे," सर म्हणाले आणि घड्याळाकडे बघत निघून गेले.

आता खरी अडचण. किती वेळ ठेवायची? कमी ठेवली तर कापसाचा वास तसाच. जास्त ठेवली तर वास गोठूनच जाणार, लिंबू-सरबत फार गार केलं की लिंबूच हरवतं तसा. थर्मामीटर नव्हता. आणि आत्याला आता टेबलाशी जायचं होतं.

"पायल," ती खाली वाकली, "दर चार मिनिटांनी मावशी ग्लासात चमचाभर ओततील. तू फक्त वास घ्यायचास. जांभूळ आलं की सांग. तू सांगशील तेव्हाच बाटली बाहेर येईल."

पायलने मान डोलावली.

दाराच्या फटीतून तिला अनिशचं टेबल दिसत होतं. तो सुरेख बोलत होता, हात सुरेख हलवत होता. सुचेता मॅडमनी लाल वाइनचा घोट घेतला, मटणाचा तुकडा खाल्ला, आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलला. मग कानावरची पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं.

पहिला चमचा. पायलने वास घेतला. कापूस. कापूसच कापूस.

मॅडम आत्याच्या टेबलाशी आल्या. आत्याचा आवाज सुरुवातीला बारीक होता. "मॅडम, या वाइनला लिंबाचा आणि ताज्या पावाचा वास आहे. बोंबील तळलेला आहे, म्हणून बुडबुडे. तेल जिभेवर बसू देत नाहीत."

दुसरा चमचा. कापूस थोडा मागे सरला होता. त्याच्या आड काहीतरी काळंजांभळं होतं, पण अजून धूसर.

"ही कैरीच्या सालाची. कोशिंबिरीतल्या कैरीशी घेऊन बघा." आत्याचा आवाज आता वर चढला होता. मॅडम हसल्या. "कैरीचं साल! बरोबर सांगितलंस."

तिसरा चमचा. पायलने डोळे मिटले, नाक ग्लासात घातलं. जांभूळ! बाजारातलं, चिरडलेलं, ओलं जांभूळ! आणि त्याच्या मागून, शिंक येईल न येईल अशी काळी मिरी!

"आता! मावशी, आता! पळा!"

"पलते गं बाय, पलते!" इंदूबाईंनी बाटली पदराने पुसली आणि अक्षरशः धावल्या.

आत्याने वाइन ओतली. वास घेतला, आणि तिचे खांदे खाली आले. मॅडमनी घोट घेतला. मटण खाल्लं. पाण्याला हात लावला नाही. पुन्हा घोट घेतला, पुन्हा मटण खाल्लं. मग पेन्सिल टेबलावर ठेवली.

"ही थंड कुणी केली?"

जितेश सरांनी डोळे मिटले होते.

"मी, मॅडम. कार्डावर खोलीचं तापमान लिहिलंय. पण आमची खोली भट्टीसारखी आहे. वास बिघडला होता. तो माझ्याआधी माझ्या भाचीला आला."

"आणि चाखल्यावर काय वाटलं?"

"चाखली नाही. मी घेत नाही, मॅडम. कधीच."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मग पाहुण्याने विचारलं की न पिता कसं सांगता, तर?"

"सांगेन की दर वेळी वास घेते. पदार्थ स्वतः खाते. आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघते. चुकलं असेल तर चेहरा आधी सांगतो. मघाशी तुम्ही पाणी उचललंत, ते मी पाहिलं."

मॅडम मोठ्याने हसल्या. मग अनिशकडे वळल्या. "तू ही वाइन प्यायलायस ना?"

"हो मॅडम."

"आज ओतण्याआधी वास घेतलास?"

अनिशने आपल्या टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. मग खरं ते बोलला. "नाही. मला वाटलं, माहीत आहे."

"ज्या देशातून हा नियम आला, तिथली खोली सतरा-अठरा अंशांवर असते," मॅडम म्हणाल्या. "आमच्या नाशिकलासुद्धा मेमध्ये हे चालत नाही. मी आठ हॉटेलं फिरले, बाटलीला हात लावून पाहणारी ही पहिली. आणि ती पीतही नाही." त्या जितेश सरांना म्हणाल्या, "आमरस मी खाईनच, पण माझं ठरलंय. उद्यापासून टेबल हिचं. पक्की करा हिला."

आत्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. अनिश जवळ आला. "तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही." त्याने हात पुढे केला आणि आत्याने तो धरला.

इंदूबाई दारात उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, "त्या पोरीचं नाक हाय का काय हाय!" जितेश सर घाम पुसत म्हणाले, "पण मॅडम, कार्डांचं काय? दोनशे छापलीत. रविवारी पाहुणे येणार. परत छापायला वेळ नाही."

कार्डांचा अख्खा गठ्ठा फडताळावर पडला होता.

पायल स्टुलावरून उतरली. कार्डांचा गठ्ठा तिने दोन्ही हातांनी उचलून रिकाम्या टेबलावर आणला. आत्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं. खुर्चीवर गुडघे टेकून बसली, पहिलं कार्ड समोर ओढलं, 'खोलीच्या तापमानाला' या शब्दांवर सरळ रेघ मारली आणि वर आपल्या गोल गोल अक्षरात लिहिलं, 'माठातल्या पाण्याइतकी गार.' शाई वाळावी म्हणून त्यावर एक फुंकर मारली आणि दुसरं कार्ड ओढलं.